वंश आणि वंशलोचन : लागवड, परीक्षा व आपले कर्तव्य

कास, श्वास व जीर्णज्वराच्या चिकित्सेत सितोपलादी चूर्ण न वापरणारा वैद्य विरळाच. सितोपला १६, वंशलोचन ८, पिप्पली ४, एला २ व त्वक् १ असे त्याचे प्रमाण आहे. म्हणजे एकतीस भागांत आठ भाग, चतुर्थांशाहून अधिक, वंशलोचन असते. तालीसादी चूर्णातही ते सुमारे दशांश पडते. हे आठ भाग खरोखर कोठून येतात, याचा विचार वैद्य व औषधी निर्माते या दोघांनीही करणे आवश्यक आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

वनस्पतिपरिचय : वंशलोचन मुख्यत्वे ज्यापासून मिळते तो वंश म्हणजे बांबुसा बांबोस, आपल्याकडील काटेरी कळक. विदर्भात त्यास कटांग म्हणतात. पानझडी अरण्यांत ओढ्यानाल्यांच्या काठी याची दाट बेटे वाढतात. कांडी पोकळ, फांद्यांच्या पेरांवर वाकडे काटे. सुमारे चाळीस-पन्नास वर्षांनी बेटांस एकाच वेळी फुलोरा येतो व बी धरून बेट मरते. मानवेल ही वेगळी जाती; तिची कांडी बहुधा भरीव असल्याने वंशलोचनाच्या दृष्टीने तिचा उपयोग नाही.

गुणधर्म : वंशलोचन मधुर-कषाय, शीत, बल्य व बृंहण असून कास, श्वास, क्षय व रक्तपित्तात हितकर आहे. वंशाचे अन्य भाग मात्र याच गुणांचे नाहीत. कोवळा कोंब, म्हणजे करीर, विदाही व वातपित्तकर सांगितला आहे. त्यात सायनाइड निर्माण करणारे द्रव्य असते; म्हणून तो कापून, भरपूर पाण्यात उकळून व ते पाणी टाकूनच खावा. वेणुयव, म्हणजे वंशाचे बी, उष्ण, कफघ्न व मूत्र बद्ध करणारे आहे.

उत्पत्ती : काही कांड्यांच्या पोकळीत रस साचतो. त्यातील जलांश आटला की सिलिकाप्रधान घट्ट खडे उरतात, तेच वंशलोचन. संग्राहक कांडे हलवून आतील खड्यांचा आवाज ऐकतात. पॅट्रिक रसेल यांनी इ. स. १७९० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे या द्रव्याचे वर्णन मांडले, व पुढील वर्षी जेम्स मेसी (पुढे स्मिथसन या नावाने प्रसिद्ध) यांनी त्याच्या रासायनिक परीक्षणांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. प्रत्येक कांड्यात ते सापडत नाही, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावी.

परीक्षा : अरण्यातून मिळणारे वंशलोचन थोडे आणि मागणी मोठी. म्हणून सोडियम सिलिकेटपासून बनविलेली कृत्रिम सिलिका बाजारात याच नावाने विकली जाते. निळसर झाक असलेले ‘नीलकंठी’ खडे बहुधा याच प्रकारचे असतात. अस्सल खडा जिभेस चिकटतो, पाण्यात टाकल्यास बुडबुडे सोडतो व पारभासक होतो. परंतु कृत्रिम सिलिकाही सच्छिद्र असल्याने हीच लक्षणे दाखवू शकते. केवळ यांवर विसंबू नये. खड्याच्या एका अंगास कांड्याच्या आतील पृष्ठभागाचा बाक दिसतो का, हे पाहावे. चूर्णरूपात कधीही खरेदी करू नये. काही वैद्यपरंपरांत तुगाक्षीरी म्हणून तवकीर घेतात. तो पिष्टमय पदार्थ आहे व आयोडीनच्या थेंबाने निळा होतो. वंशलोचन होत नाही.

लागवड : जालना जिल्ह्यातील पिंपळगाव रेणुकाई मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. अशा अवर्षणप्रवण भागातील शेतकरी जेव्हा औषधी पीक म्हणून बांबूविषयी विचारतो, तेव्हा वैद्याने त्यास स्पष्ट सांगावे, की वंशलोचनाच्या उत्पन्नाची आशा धरून कळक लावू नये. नाल्याकाठी, ओल टिकणाऱ्या जागी कळकाचे सजीव कुंपण उत्तम होते. कोरड्या मुरमाड जमिनीस मानवेल अधिक सोसते. बी दुर्मिळ व अल्पायुषी असल्याने कंदासह खुंट किंवा ऊतिसंवर्धित रोपे पावसाच्या आरंभी सुमारे पाच मीटर अंतरावर लावावीत. बेट जमल्यावर तीन वर्षांवरील काठ्याच पावसाळ्यानंतर तोडाव्यात. कोवळ्या काठ्या राखाव्यात. २०१७ च्या अध्यादेशाने व पुढील कायदादुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरील बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेल्याने तोडणी-वाहतुकीतील मोठी अडचण दूर झाली आहे. उत्पन्न काठीचे धरावे. खडा सापडल्यास तो लाभ समजावा.

आपले कर्तव्य : औषधी निर्मात्यांनी प्रत्येक खेपेचा नमुना राखून ठेवावा, पुरवठादाराकडून संग्रहाचे ठिकाण लेखी घ्यावे व प्रयोगशाळेतून परीक्षण करून घ्यावे. इ. स. २००० पासून लागू झालेल्या शेड्यूल टी अन्वये कच्च्या द्रव्याची ओळख पटविणे ही निर्मात्याचीच जबाबदारी आहे. भेसळ व मिथ्या नामांकन यांविषयी १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात आयुर्वेदीय औषधांसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. अस्सल द्रव्य न मिळाल्यास तो घाणा न काढणे हेच योग्य; कृत्रिम सिलिका घालून वेष्टनावर ‘वंशलोचन’ छापणे कदापि योग्य नव्हे. वैद्यांनीही चूर्ण घेताना निर्मात्यास हा प्रश्न अवश्य विचारावा.

खोकल्याने बेजार झालेल्या बालकास मधासह चूर्ण देताना माता आपल्या शब्दावर विश्वास ठेवते. तिला द्रव्यपरीक्षा ठाऊक नसते. ती आपणच तिच्या वतीने करावयाची आहे. गुण न आल्यास दोष ग्रंथास लागतो, चूक मात्र खरेदीत झालेली असते. तो दोष टाळणे आपल्या हाती आहे, असे आम्हांस वाटते.