नांदेडचा विमानतळ आणि हिंगोली जिल्हा

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हवाई प्रवासासाठी या जिल्ह्यास जवळचा विमानतळ शेजारच्या नांदेडचा होय.

नांदेडची धावपट्टी सार्वजनिक बांधकाम खात्याने १९५८ मध्ये तयार केली. गुरू गोविंदसिंहजींनी १७०८ मध्ये नांदेड येथे गुरू ग्रंथसाहिबास गुरुपद दिले. त्या घटनेच्या त्रिशताब्दीनिमित्त २००८ मध्ये विमानतळाचा विस्तार करण्यात आला. धावपट्टीची लांबी सुमारे २,३०० मीटर झाली, नवी प्रवासी इमारत उभी राहिली आणि रात्री विमान उतरण्याची सोय झाली. तथापि, नियमित विमानसेवा मात्र टिकली नाही.

२७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेखाली नांदेड–हैदराबाद सेवा सुरू झाली. या योजनेत सुमारे निम्म्या आसनांचे भाडे तासाभराच्या उड्डाणास २,५०० रुपयांपर्यंत मर्यादित ठेवले गेले. त्यामुळे येणारी तूट केंद्र व राज्य शासनाच्या साहाय्याने तीन वर्षांपर्यंत भरून निघते. ही मुदत संपल्यावर मार्ग टिकतो तो प्रवाशांच्या संख्येवरच. नांदेडची पहिली सेवा चालविणाऱ्या ट्रूजेट कंपनीची उड्डाणे २०२२ मध्ये थांबली.

हिंगोलीचा संबंध येथेच येतो. संत नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट असल्याने नांदेडचे यात्रेकरू नर्सी नामदेव येथेही येऊ शकतात. औंढा नागनाथ व वसमतची हळद बाजारपेठ याच परिसरात आहे. रस्ते, बसगाड्या व निवासाची सोय यांची जोड मिळाली, तरच धावपट्टीचा लाभ खेड्यापर्यंत पोहोचेल.