रात्री सायकल, सोबत कुत्रा : निघण्यापूर्वी

अलिबाग-मुरूडच्या डोंगरवाटांवर रात्री माउंटन बाइक चालवताना कुत्र्याला सोबत पळवायचे असेल, तर एवढे पाळा.

■ वाट : फणसाड अभयारण्य (स्थापना १९८६) वगळा; वन्यजीवांची रात्र त्यांच्यासाठीच राहू द्या. गावाजवळची, दिवसा पाहून ठेवलेली पायवाट निवडा.

■ बिबट्या : कुत्रा हे त्याचे नेहमीचे भक्ष्य. कुत्र्याला झाडीत मोकळे सोडू नका. गळपट्ट्याला दिवा लावा. वनविभागाची हेल्पलाइन : १९२६.

■ साप : फुरसे, घोणस, मण्यार रात्री बाहेर पडतात. फुरसे कातळसड्यावर दगडांआड बसते. दंश झाल्यास चिरा देऊ नका, आवळून बांधू नका. माणसासाठी १०८ला फोन करा. कुत्र्याला उचलून थेट पशुवैद्यकाकडे न्या.

■ उष्मा : कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड ठेवतो. दमट हवेत ते पुरत नाही. वेग त्याचा ठेवा, वरचेवर पाणी पाजा.

■ लसी : रेबीजची लस हवीच. पावसाळ्यापूर्वी लेप्टोस्पायरोसिसचीही द्या. साचलेले पाणी पिऊ देऊ नका.

कुत्रा मागे पडू लागला, की फेरी तिथेच थांबवा. दमलो हे त्याला सांगता येत नाही. ते ओळखणे ही आपली जबाबदारी.