मॅनाचा पत्ता आपला खर्च कधी फेडतो?

‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा संग्राह्य पत्त्यांचा खेळ १९९३ साली आला. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञानं तो रचला. खेळाच्या मुळाशी एक कडक नियम आहे: आपल्या एका पाळीत हातातली एकच लँड खाली मांडता येते. लँड आडवी केली, म्हणजे खेळाडूंच्या भाषेत टॅप केली, की एक मॅना मिळतो. पुढच्या पाळीच्या सुरुवातीला ती पुन्हा उभी होते. जवळपास प्रत्येक पत्त्याची किंमत या मॅनातच मोजावी लागते. म्हणून पहिल्या पाळीला एक मॅना, दुसऱ्या पाळीला दोन, तिसऱ्या पाळीला तीन. चार मॅनाचा दांडगा प्राणी पहिल्याच वाटपात हाती आला तरी चौथ्या पाळीपर्यंत तो नुसता धरून बसायचं.

हा क्रम मोडणारे पत्ते अगदी पहिल्या संचापासून आहेत आणि त्यांना सरसकट ‘रॅम्प’ म्हणतात. त्यात मॅना देणारे प्राणी आहेत, ‘मॅना रॉक’ म्हणून ओळखली जाणारी आर्टिफॅक्ट, म्हणजे जादूच्या वस्तू, आहेत, डेकमधून, म्हणजे आपल्या गठ्ठ्यातून, जादा लँड शोधून आणणारे मंत्र आहेत आणि एकदाच भरपूर मॅना देऊन संपणारे पत्तेही आहेत. नवा खेळाडू यांची तुलना करताना बहुधा एवढंच पाहतो की कोणता पत्ता जास्त मॅना देतो. मी आधी दोन वेगळ्या गोष्टी पाहतो: पत्त्यावर केलेला खर्च कोणत्या पाळीला फिटतो, आणि नेमक्या कोणत्या पाळीला तो मला एक पायरी पुढे नेतो.

लॅनोवार एल्व्ज घेऊ. किंमत एक हिरवा मॅना, टॅप केल्यावर मिळतो एक हिरवा मॅना. पण हा प्राणी आहे आणि प्राण्याला आल्या आल्या टॅप करता येत नाही. पहिल्या पाळीला तो मांडला की ती पाळी त्यातच गेली. दुसऱ्या पाळीला दोन लँड आणि हा एल्फ मिळून तीन मॅना होतात. इथे खर्च फिटला. तिसऱ्या पाळीपासून पुढचं सगळं निव्वळ वरकड. शिवाय तीन मॅनाचा पत्ता दुसऱ्याच पाळीला खेळता आला, आणि माझ्या लेखी या पत्त्याची खरी ताकद तीच आहे. बर्ड्स ऑफ पॅराडाइजचं गणितही हेच, फक्त तो खेळातल्या पाच रंगांपैकी कोणत्याही रंगाचा मॅना देतो.

आता दोन मॅनाच्या दगडांकडे, म्हणजे मॅना रॉककडे, येऊ. इथे फरक बारीक आहेत, आणि मला हाच भाग सगळ्यात रंगतदार वाटतो.

रॅव्हनिका मालिकेत, २००५-०६ मध्ये, रंगांच्या दहा जोड्यांसाठी दहा सिग्नेट आली. किंमत दोन. वापरताना त्यात एक मॅना घालायचा आणि सिग्नेट टॅप करायचं, की दोन रंगांचा एकेक मॅना हाती येतो. टॅलिस्मन पहिल्यांदा आले २००३ च्या मिरॉडिन संचात. त्यांचीही किंमत दोनच. टॅप केलं की एक रंगहीन मॅना मिळतो, किंवा दोन रंगांपैकी एका रंगाचा. रंगाचा घेतला तर आपलं एक जीवन जातं. वरवर पाहता दोन्हींचा फायदा पाळीला एक मॅना, म्हणजे बरोबरीच. मग दुसरी पाळी प्रत्यक्ष मांडून पाहा. दोन लँड आहेत. दोन्ही टॅप करून सिग्नेट मांडलं, पण त्यात घालायला तिसरा मॅना उरलाच नाही, त्यामुळे ते या पाळीला मुकं. त्याच जागी टॅलिस्मन मांडला तर तो तिथल्या तिथे टॅप करून एक मॅना निघतो आणि एका मॅनाचा पत्ता त्याच पाळीत खेळता येतो. टॅलिस्मनचा खर्च तिसऱ्या पाळीला फिटतो, सिग्नेटचा चौथ्या.

तिसऱ्या पाळीला, तीन लँड असताना, ते मांडले तर मात्र हा फरक नाहीसा होतो. दोन लँडमध्ये सिग्नेट येतं, तिसरीचा मॅना त्यात घालून दोन निघतात. टॅलिस्मनच्या बाबतीतही हातात दोनच उरतात. म्हणजे त्यांच्यातली सगळी स्पर्धा दुसऱ्या पाळीपुरती आहे. त्यानंतर सिग्नेटचा वेगळा गुण दिसू लागतो: बिनरंगी एका मॅनाचे ते रंगीत दोन करतं, तेही जीवनाला धक्का न लावता. २०१९ साली आलेलं आर्केन सिग्नेट या दोघांनाही मागे टाकतं. किंमत दोन, आत काही घालायचं नाही, जीवन जात नाही, आणि डेकच्या कमांडरच्या, म्हणजे म्होरक्या पत्त्याच्या, रंगांपैकी हवा तो मॅना मिळतो. कमांडर प्रकारात दोन रंगांच्या डेकमध्येही ते नसेल तर मला कारण विचारावंसं वाटतं.

कमांडर प्रकार म्हणजे म्होरक्यासकट शंभर पत्त्यांचा डेक, साध्या लँड सोडल्या तर प्रत्येक पत्ता एकदाच, सुरुवातीला ४० जीवनं आणि बहुतेकदा चार खेळाडू. एरवीचा खेळ दोघांचा असतो, डेक किमान ६० पत्त्यांचा, एका पत्त्याच्या चार प्रती चालतात आणि जीवनं २०. टॅलिस्मननं काढलेली चार-पाच जीवनं चाळिसात सहज खपतात. विसात, समोरचा झपाट्यानं हल्ला करत असताना, तीच अंगाशी येतात.

सोल रिंग या सगळ्या तुलनेच्या बाहेर उभी आहे. किंमत एक, देते दोन रंगहीन मॅना, आणि आर्टिफॅक्ट असल्यामुळे मांडल्या क्षणापासून. खर्च त्याच पाळीत फिटून वर एक उरतो. पहिल्या पाळीला लँड आणि सोल रिंग, तिच्या दोन मॅनातून लगेच सिग्नेट, असा हात आला तर दुसऱ्या पाळीला दोन लँडचे दोन, रिंगचे दोन आणि सिग्नेटचा वाढीव एक असे पाच मॅना होतात. बाकी तिघांकडे दोन. लेगसी प्रकारात हिला बंदी आहे, व्हिंटेजमध्ये एकच प्रत चालते. कमांडरमध्ये मात्र ती मोकळी आहे आणि २०११ पासून कंपनीच्या तयार कमांडर डेकमध्ये जवळपास नेहमी असते. तिची मोठी बहीण शोभणाऱ्या मॅना क्रिप्टवर त्याच प्रकारात सप्टेंबर २०२४ मध्ये बंदी आली. क्रिप्टची किंमत शून्य, मॅना दोन, आणि दर पाळीला नाणं उडवायचं. हरलात तर तीन जीवनं जातात. सरासरी काढली तर पाळीला दीड जीवन. चाळीस जीवनांच्या खेळात ही किंमत जवळजवळ फुकट होती, त्यामुळे ती बंदी मला पटते.

एकदाच देणाऱ्या पत्त्यांचा हिशेब निराळा. डार्क रिच्युअल एका काळ्या मॅनाचे तीन करतं आणि संपतं. पहिल्या संचात प्रत्येक रंगाला एका मॅनात ‘तीन’ काहीतरी देणारा एक पत्ता होता: निळ्याला तीन पत्ते ओढायचा, लालला तीन इजा करायचा, आणि काळ्याला हा. इथे खर्च तत्काळ फिटतो, पण हातातला एक पत्ता कायमचा जातो. पाळीला एकच पत्ता ओढायला मिळतो, तेव्हा ही किंमत लहान नाही. त्या दोन जादा मॅनातून आलेला पत्ता एकट्यानं डाव फिरवणारा असेल तरच मी डार्क रिच्युअल घालीन. संथ, लांबणाऱ्या खेळात ते घालू नये. शून्य किमतीत एकाच रंगाचे तीन मॅना देऊन नाहीसा होणारा ब्लॅक लोटसही याच कुळातला. त्याचा जोर वेगळा सांगायला नको.

मग प्रश्न येतो, पत्ता टिकेल का. प्राणी सर्वांत कच्चा. एका लाल मॅनाच्या लायटनिंग बोल्टनं एल्फ जातो, आणि रॅथ ऑफ गॉडसारखा पत्ता पटावरचे सगळे प्राणी एका झटक्यात साफ करतो. चौघांच्या खेळात असा पत्ता कुणा ना कुणाकडे असतोच, म्हणून तिथे मी एल्फांवर फार विसंबत नाही. दगड जास्त टिकतात, पण आर्टिफॅक्ट मोडणारे पत्तेही असतात. लँड सर्वांत सुरक्षित. म्हणून हिरव्या डेकमध्ये रॅम्पंट ग्रोथ आजही खेळतात: दोन मॅना, डेकमधून एक साधी लँड टॅप केलेल्या स्थितीत पटावर. वेग सिग्नेटइतकाच, टिकाव जास्त. नेचर्स लोर त्याहून सरस, कारण ते फॉरेस्ट उभीच आणतं आणि त्याच पाळीत एक मॅना परत मिळतो. टॅलिस्मनचा हिशेब आणि लँडचा टिकाव एकाच पत्त्यात. शिवाय लँड ‘साधी’ असण्याची अट तिथे नाही. फॉरेस्ट हा प्रकार असलेली दुरंगी लँडही त्यानं आणता येते.

डावाच्या शेवटीही हे पत्ते हाती येतात. दहाव्या पाळीला ओढलेलं सिग्नेट जवळपास निरुपयोगी असतं. इथे १९९७ सालचा माइंड स्टोन मला फार आवडतो. किंमत दोन, देतो एक रंगहीन मॅना. आणि गरज सरली की एक मॅना भरून तो टाकून द्यायचा आणि नवा पत्ता ओढायचा. रंग देत नाही ही उणीव आहेच, पण एकरंगी डेकमध्ये ती बोचत नाही.

किती घालायचे, याला थोडं गणित लागतं. कमांडर बाजूला ठेवला की ९९ पत्ते उरतात. चौघांच्या खेळात पहिला खेळाडूही पत्ता ओढतो, म्हणजे दुसऱ्या पाळीपर्यंत नऊ पत्ते पाहून होतात. डेकमध्ये दोन किंवा कमी मॅनाचे दहा रॅम्प पत्ते असतील तर त्या नऊमध्ये किमान एक सापडण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के. चौदा घातले तर ७६. चार पत्त्यांच्या मोबदल्यात तेरा टक्के. ते चार पत्ते डेकमधून काय बाहेर काढतात यावर हा व्यवहार ठरतो.

आणि डेक कोणत्या पाळीवर बेतलेला आहे यावरही. कमांडर चार मॅनाचा असेल तर दोन मॅनाचे दगड भरा, तो तिसऱ्या पाळीला उतरतो. तीन मॅनाचा असेल तर दुसऱ्या पाळीला दगड मांडून त्याला लवकर आणता येत नाही. तिथे एका मॅनाचे एल्फच हवेत, मग ते कितीही नाजूक असोत. सहा मॅनाच्या कमांडरसाठी मी वॉर्न पॉवरस्टोन घेतो. तीन मॅनाला येतो, टॅप होऊनच येतो, म्हणून अनेकांना मंद वाटतो. पण तिसऱ्या पाळीला मांडला की चौथ्या पाळीला चार लँड आणि त्याचे दोन मिळून बरोबर सहा मॅना होतात.