रूटचा शेल बदलताय? जरा थांबा!

स्वतःचा सर्व्हर घेतला की नवा, छान दिसणारा शेल टाकायचा मोह होतोच. पण रूट खात्याला तो लावू नका. का? फ्रीबीएसडीवर वेगळा टाकलेला शेल 'यूएसआर-लोकल' फोल्डरमध्ये बसतो. अपडेट बिघडलं किंवा तो भाग जोडलाच गेला नाही, तर शेल चालत नाही आणि रूटने लॉगिनच होत नाही. ऐन ऑर्डरच्या वेळी दुकानाला कुलूप, आणि किल्ली आत!

म्हणून रूटला सिस्टीमसोबत येणारा साधा 'एसएच'च ठेवा. फ्रीबीएसडी १४ पासून मुळात तोच असतो. आवडता शेल स्वतःच्या रोजच्या खात्याला लावा. आणि बदल केल्यावर चालू खिडकी लगेच बंद करू नका. आधी दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून बघा.