समाच्या अगाशीवरची शेडनेट

वडोदऱ्यात सावली मीटरच्या भावाने विकत मिळू लागली, त्याला फार काळ झालेला नाही. आज समा-सावली रोडवरून जाताना मान वर केली की दर थोड्या अगाशांमागे शेडनेटचं एक हिरवं छप्पर दिसतं. त्याखाली कुठे मिरची-वांग्याची रोपं, कुठे ऑर्किड, तर कुठे पाइप आणि पॉलिथीनचं एवढंसं हरितगृह. शेतीशी नातं पिढ्यान्‌पिढ्या तुटलेल्या नोकरदार घरांचा हा छंद. समा गाव शहरात मुरत होतं त्या दिवसांत कुंडीवर सावली धरायची म्हणजे जुनी साडी नाहीतर गोणपाट, एवढंच इथे ठाऊक होतं. मधल्या वर्षांकडे वळून पाहिलं की मला एक गोष्ट खटकते. सावली पक्की झाली आणि त्याबरोबर ती हलायची थांबली.

पूर्वीची सावली हलती होती. फाल्गुन सरता सरता खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लागत आणि पावसाची पहिली सर आली की उतरत. बागेत नाजूक रोपांवर बांबूच्या चटया किंवा नारळाच्या झावळ्या टाकायच्या आणि ऊन उतरलं की काढायच्या, हे माळ्याचं रोजचं काम. पानमळ्यात तर सावलीच जिवंत असते. शेवरी, हादगा, पांगारा यांच्या आधाराने वेल चढतो, आणि पानाला उजेड कमी पडतोय असं दिसलं की मळेवाला शेवरीच्या फांद्या छाटतो. सावली किती हवी हे पीक आणि महिना पाहून ठरायचं. त्यासाठी एक माणूस लागायचा, हीच काय ती अडचण.

काचेच्या हरितगृहांनी हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवायचा प्रयत्न केला. लंडनजवळच्या क्यू उद्यानातलं पाम हाउस १८४८ साली पुरं झालं, तेव्हा त्याला मुद्दाम हिरवट काच बसवली होती. उन्हाने पानं करपू नयेत म्हणून रॉबर्ट हंट या शास्त्रज्ञाने ती सुचवली होती. पण लंडनचं धुरकट आकाश आणि त्यात ही काच, म्हणजे आत झाडांना उजेडच पुरेना. शतक संपेतो तिथे साधी काच आली. याच क्यूमध्ये काम केलेला जी. एच. क्रुम्बिगल हा जर्मन उद्यानतज्ज्ञ १८९३ साली महाराज सयाजीरावांच्या चाकरीत बडोद्यात आला आणि पुढे म्हैसूरला जाईपर्यंत संस्थानच्या बागा सांभाळत राहिला. बंगळूरचं लालबाग त्याच्या नावाशी जोडलेलं सगळ्यांना माहीत असतं. त्याची आधीची वर्षं आपल्या गावात गेली, हे कमाटीबागेत रोज फिरायला जाणाऱ्यांतही फार थोड्यांना ठाऊक असेल. ढगाळ देशातल्या बागेची विद्या आणि चाळीस अंशांवरचा वैशाख यांचा मेळ घालणं त्याच्या वाट्याला आलं होतं. क्यूच्या माळ्यांना उजेड आत कसा आणायचा याची काळजी, आपल्याला तो बाहेर कसा ठेवायचा याची.

पुढची पायरी मात्र याच शहराच्या वेशीवर घडली. कोयलीची रिफायनरी १९६५ची. तिच्या शेजारी आयपीसीएल, म्हणजे इंडियन पेट्रोकेमिकल्स, १९६९ साली स्थापन झाली. दांडियाबाजार आणि वाडीतल्या मराठी घरांतली मुलं तिथे नोकरीला लागली, बसने ये-जा करू लागली, आणि निजामपुरा, समा, हरणी या बाजूला त्यांच्या सोसायट्या उभ्या राहिल्या. शेतीत प्लास्टिक कसं वापरता येईल हे पाहायला केंद्र सरकारने १९८१ साली राष्ट्रीय समिती नेमली. व्यापारी हरितगृहं देशात रुजू लागली ती १९८८च्या पुढे, आणि त्या कामाला आयपीसीएलने पैशाचा नि तांत्रिक मदतीचा बराच हातभार लावला. कंपनी २००२मध्ये रिलायन्सकडे गेली आणि २००७मध्ये त्यांच्यात पूर्ण विलीन झाली. हरितगृहाच्या प्रसाराला हात देणारी कंपनी दारात होती, पण तिच्या वसाहतीतल्या कुंड्यांवर मात्र साडीच. शेडनेटची जाळी अगाशीवर आली ती फार नंतर, आणि तीही शेतावरून फिरून.

शेतावरची कथा थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय फलोत्पादन अभियान २००५-०६मध्ये सुरू झालं, शेडनेटगृहाला निम्म्या खर्चाचं अनुदान मिळू लागलं, आणि महाराष्ट्रात गावोगावी हिरवे मांडव उठले. बुलढाण्यातल्या देऊळगाव राजा भागात तर भाजीपाल्याचं बीजोत्पादन शेडनेटखाली मोठ्या प्रमाणावर होऊ लागलं. जाळी खपू लागली तशी ती शहराच्या दुकानांतही आली, आणि २०२०च्या टाळेबंदीत घरात अडकलेल्या माणसांनी अगाशीकडे मोर्चा वळवला.

तेव्हापासून समात जाळीची बोलणी एका आकड्यावर येऊन ठेपतात. “पन्नास टक्के घेतली की पंचाहत्तर?” दुकानात ३५, ५०, ७५, ९० असे टक्के मिळतात, आणि टक्का जितका मोठा तितकी काळजी जास्त, असा एक समज आहे. खरं तर हा आकडा फक्त किती उजेड अडतो ते सांगतो. मे महिन्यात भर दुपारी अंगणात लाखभर लक्स उजेड असतो. पन्नासच्या जाळीखाली तो निम्मा उरतो, आणि डेंड्रोबियम ऑर्किडला, भाजीच्या रोपांना तेवढा ठीक. फॅलेनॉप्सिस किंवा अँथुरियम असेल तर पंचाहत्तर. अडेनियमवर, ज्याचं वेड गुजरातेत फार, मुळात जाळी धरायचीच कशाला? तो वाळवंटातला गडी. सावलीत बसवला की फुलं सोडून नुसता उंच होतो.

दोन थरांचा हिशेबही लोक चुकवतात. पन्नासवर पन्नास टाकली की शंभर होत नाहीत, पंचाहत्तर होतात. आणि हरितगृहाचं पॉलिथीन स्वतःच पंधरा-वीस टक्के उजेड खातं, म्हणून वर पन्नासची जाळी असली की झाडापर्यंत चाळीसच्या आसपास पोचतो. ही वजाबाकी केली नाही की पावसाळ्यात रोपं लांबुडकी होतात आणि खापर खतावर फुटतं.

रंगाबद्दल माझं मत जरा टोकाचं आहे. हिरवी जाळी झाडांसाठी हिरवी असते असं कुणी समजू नये. ती आपल्या डोळ्यांसाठी हिरवी असते. पानांना तांबडा आणि निळा उजेड जास्त लागतो, आणि हिरवी जाळी नेमका तोच अधिक अडवून हिरवा आत सोडते. क्यूची काच आठवते. काळी जाळी सगळे रंग सारखे अडवते, म्हणून उजेडाचा पोत बिघडत नाही, मात्र ती स्वतः तापते. पांढरी ऊन परत फेकते, उरलेला उजेड पसरवून आत सोडते, आणि वडोदऱ्यासारख्या ठिकाणी मला तीच पसंत. ती मळते लवकर, हे खरं.

विणीकडे मात्र कुणी पाहत नाही. चपट्या पट्टीची टेप जाळी स्वस्त. गोल धाग्याची मोनो महाग, पण वाऱ्यात आणि ताणात टिकाऊ. या दोन्ही प्रकारांसाठी आयएस १६००८ हे भारतीय मानक आहे. दुकानदाराला त्याबद्दल विचारलं तर उत्तर मिळेलच असं नाही, पण विचारल्याने तो गंभीर होतो एवढा अनुभव आहे. धाग्यात अतिनील किरण सोसणारं द्रव्य असेल तर जाळी तीन-चार उन्हाळे काढते. नसेल तर दुसऱ्या वर्षीच हातात चुरा येतो.

बसवण्याच्या बाबतीत इथली पहिली पिढी छतासारखा विचार करत होती. जाळी आडवी ताणली, चार कोपरे बांधले, झालं. पण सूर्य चार कोपऱ्यांत बसत नाही. वडोदरा कर्कवृत्ताच्या किंचित खाली, साधारण २२.३ अक्षांशावर. जूनच्या सुरुवातीला आणि पुन्हा जुलैच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, तेव्हा जाळीची सावली जाळीच्या खालीच पडते. डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्य जेमतेम चव्वेचाळीस अंशांवर असतो. आठ फुटांवर बांधलेल्या जाळीची सावली तेव्हा आठेक फूट उत्तरेला सरकते, म्हणजे बऱ्याचदा शेजारच्या अगाशीवर. मे महिन्यात दुपारी साडेचारला तीच सावली दहा-अकरा फूट पूर्वेला गेलेली असते, आणि पश्चिमेच्या रांगेतल्या कुंड्या दिवसातलं सर्वांत बोचरं ऊन सोसत असतात. म्हणून आता जाणते लोक छतापेक्षा पश्चिमेच्या पडद्यावर जास्त खर्च करतात.

हरितगृह असेल तर जाळी बाहेरून, प्लास्टिकपासून निदान हातभर उंच. पॉलिथीनच्या आत बांधलेली जाळी ऊन आत आल्यावर ते शोषते आणि ती उष्णता आतच सोडते. उजेड कमी होतो, भट्टी तशीच राहते. जाळी प्लास्टिकला टेकली तर जिथे टेकते तिथे प्लास्टिक लवकर पिकतं. मधल्या फटीतून वारा खेळला पाहिजे.

अगाशीवर खांब रोवायचे कसे, याचं उत्तर समाच्या वेल्डरांनी हळूहळू शोधलं. चायना मोझॅक फोडून बोल्ट मारले की पावसाळ्यात खालच्या मजल्यावर छत गळतं आणि सोसायटीत भांडण. त्यामुळे आता तेलाच्या डब्यात काँक्रीट भरून त्यात जीआय पाइप उभे करायचे आणि कठड्याला पट्ट्यांनी आवळायचे. कडेने तार, तारेला ताण द्यायला टर्नबकल, जाळीला क्लिपा. नवी जाळी पहिल्या उन्हात थोडी आकसते, म्हणून सुरुवातीला सैल सोडावी लागते. ढोलासारखी ताणली तर क्लिपांपाशीच फाटते.

१७ मे २०२१च्या रात्री तौक्ते वादळ ऊनाजवळ किनाऱ्याला लागलं आणि त्याचा वारा दुसऱ्या दिवशी इथवर आला. ज्यांची जाळी खिळ्यांनी पक्की होती त्यांचा सांगाडाच वाकला, कारण पन्नास टक्क्यांची जाळीही वारा शिडासारखा धरते. ज्यांच्या क्लिपा निसटल्या त्यांची जाळी उडाली पण पाइप वाचले. मला वाटतं, समात जाळी बसवण्याची रीत खऱ्या अर्थाने त्या वर्षी बदलली. पुढे २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, समाच्या सोसायट्यांत पाणी भरलं, अंगणातल्या कुंड्या बुडाल्या, आणि उरलीसुरली बागही वर चढली.

सध्या जो प्रकार इथे रुजतोय तो पडद्याचा. मोठ्या पॉलिहाऊसमध्ये जरबेरा-गुलाबवाले आतली जाळी तारेवरून उघडतात-मिटतात, तेच तत्त्व. अगाशीच्या दोन टोकांना तारा, जाळीच्या कडेला आयलेट, त्यात कड्या, आणि ओढायला एक दोरी. होळीनंतर जाळी पसरायची, सकाळी साडेदहाला ओढायची, पाचला मिटायची. पावसाचे ढग दाटले की गुंडाळून बांधून ठेवायची. आषाढ-श्रावणात उजेड तसाच कमी, त्यात जाळीवरून ठिबकणारं पाणी, मग बुरशीला आणखी काय हवं? नवरात्रीपासून माघापर्यंत इथल्या बहुतेक झाडांना जाळी लागतच नाही.

हे सगळं करायला घरात कुणीतरी साडेदहाला आणि पाचला असावं लागतं. नोकरीवरच्या जोडप्यांच्या अगाशीवर म्हणून अजून पक्की हिरवी जाळीच दिसते, आणि त्यांना मी काही बोलत नाही. त्यांना एवढंच सुचवतो की निदान आषाढात एकदा आणि दिवाळीआधी एकदा वर जा आणि क्लिपा सोडा. सेवानिवृत्तांचं तसं नाही. त्यांच्यात दोरी कोण ओढणार यावरूनच वाद होतात.

जुन्या जाळ्यांचं काय करायचं हे मात्र अजून कुणाला नीट उमगलेलं नाही. तीन-चार उन्हाळे खाल्लेली जाळी ठिसूळ होते, तिचे तुकडे वाऱ्याने गटारात जातात. शहाणे लोक ती चुरा होण्याआधीच उतरवतात, चिकूवर पोपटांसाठी टाकतात, पापड-कुरडया वाळवायला अंथरतात, आणि नवी घेताना दुकानदाराला जुनी परत घेतोस का म्हणून विचारतात. तो अजून तरी नाही म्हणतो.