एका श्रोत्यासाठी झालेले ध्वनिमुद्रण

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातील सेंट फिलोमिना कॅथेड्रलच्या रचनेवर जर्मनीतील कोलोनच्या प्रसिद्ध कॅथेड्रलचा प्रभाव आहे. महाराज कृष्णराज वडियार (चौथे) यांनी १९३३ मध्ये त्याची पायाभरणी केली. त्यांचे पुतणे व वारस जयचामराजेंद्र वडियार यांनी जर्मनीशी म्हैसूरचे आणखी एक नाते जोडले. ते होते संगीताचे.

दूरदेशीच्या श्रोत्यांसाठी संगीताची खास आवृत्ती काढली जाते, याचे सर्वपरिचित उदाहरण जपानचे आहे. हेलोविनसारख्या जर्मन हेवी मेटल वाद्यवृंदांच्या जपानी आवृत्तीत एखाददुसरे जादा गीत असते. जपानी भाषेतील माहिती आणि वेष्टनावरील कागदी पट्टी हीदेखील तिची ओळख. यामागे व्यापारी कारण आहे. जपानमध्ये तयार झालेल्या सीडीची किरकोळ किंमत निर्माती कंपनी ठरवते व दुकानदारास ती पाळावी लागते. आयात सीडीला हे बंधन नसल्याने ती बहुधा स्वस्त पडते. ग्राहकाने देशी सीडीच घ्यावी, यासाठी जादा गीताचे आकर्षण ठेवले जाते.

म्हैसूरच्या बाबतीत मात्र बाजारपेठ नव्हती. श्रोता एकच होता. जर्मन संगीतकार रिचर्ड श्ट्राउस यांनी १९४८ मध्ये रचलेली 'चार अखेरची गीते' त्यांच्या हयातीत सादर झाली नाहीत. सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांचे निधन झाले. २२ मे १९५० रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ही गीते प्रथम सादर झाली. गायिका होत्या नॉर्वेच्या कर्स्टन फ्लागस्टाड, तर फिलहार्मोनिया वाद्यवृंदाचे संचालन विल्हेल्म फुर्टव्हेंगलर यांनी केले. या कार्यक्रमासाठी महाराजांनी ४,८०० डॉलरची हमी दिली होती. स्वतः उपस्थित राहणे शक्य नसल्याने ध्वनिमुद्रण करून ते म्हैसूरला पाठवावे, हा त्यामागील हेतू होता. त्यांच्या संग्रही तेव्हा सुमारे २० हजार ध्वनिमुद्रिका असल्याचा अंदाज होता.

निकोलाय मेटनर या रशियन संगीतकाराचे कार्यही महाराजांच्या आश्रयामुळेच जतन झाले. वृद्ध आणि आजारी मेटनर तेव्हा लंडनमध्ये राहत होते. महाराजांच्या अर्थसाहाय्याने त्यांनी आपले तिन्ही पियानो कन्चेर्तो एचएमव्हीसाठी स्वतः वाजवून मुद्रित केले. १९५१ मध्ये ते निवर्तले. तिसरा कन्चेर्तो त्यांनी महाराजांना अर्पण केला आहे.

जपानी आवृत्तीचा खर्च हजारो ग्राहक मिळून उचलतात. लंडनमधील त्या मुद्रणामागे एकाच रसिकाची आवड होती. श्ट्राउस यांच्या गीतांचे ते मुद्रण पुढे सीडीवर सर्वांसाठी उपलब्ध झाले. ध्वनी काहीसा अस्पष्ट असला, तरी त्या संध्याकाळचे पहिले गायन आज ऐकता येते, ते म्हैसूरच्या या श्रोत्यामुळे.