भाग: आईचा मृत्यू नुसता मोजून भागत नाही

आजचा विषय जरा जड आहे, पण शेवटपर्यंत थांबा.

आमच्या कुरवंड्यातून लोणावळा तसं जवळच. पण पावसाळ्यातला रविवार असला, भुशी डॅमची गर्दी असली, की काही खरं नाही. माझ्या वहिनीचं बाळंतपण झालं तो असाच रविवार होता. रक्तस्राव थांबेना, पुढे हलवा म्हणाले, आणि गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली. ती वाचली. पण मी पडलो डेटावाला माणूस. डोक्यात आलं, हे कुठे नोंदलं गेलं का?

आधी मृत्यूंचं बघू. गरोदरपणात किंवा ते संपल्यावर 42 दिवसांच्या आत, त्याच्याशी संबंधित कारणाने बाई दगावली तर तो माता मृत्यू. अपघात यात धरत नाहीत. देशाचा आकडा येतो एसआरएसमधून, म्हणजे निवडक गावं-वॉर्डांतले जन्म-मृत्यू नोंदून काढलेला अंदाज. 2018-20 मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे देशात 97, महाराष्ट्रात 33. तीन वर्षं एकत्र का? कारण नमुन्यात असे मृत्यू थोडे सापडतात, एकाच वर्षाचा आकडा उगाच खालीवर उडेल.

पण 33 हा आकडा 'किती' सांगतो, 'का' ते सांगत नाही. त्यासाठी वेगळी यंत्रणा आहे, माता मृत्यू अन्वेषण. याच्या मार्गदर्शक सूचना 2010 च्या, 2017 मध्ये सुधारल्या. आशाताई कळवते, मग टीम घरी येऊन विचारते: त्रास कधी लक्षात आला? दवाखान्यात न्यायचं कधी ठरलं? गाडी कधी मिळाली? पोचल्यावर उपचार कधी सुरू झाले? थोडक्यात, उशीर नेमका कुठे झाला. पुढे जिल्हा पातळीवर आढावा होतो.

हे शिक्षेसाठी नसतं, ही यातली मेख. आमच्याकडे सर्व्हर पडला की पोस्टमॉर्टेम करतात, पण कुणाला दोष द्यायचा नाही हा नियम. माणसं घाबरली की खरं सांगत नाहीत. ब्रिटनमध्ये 1952 पासून आणि केरळात 2004 पासून अशीच नावं गुप्त ठेवून चौकशी होते.

आता वहिनी. मरता मरता वाचलेल्या बाईला 'निअर मिस' म्हणतात. त्याच्या सूचना 2014 च्या, सुरुवात मेडिकल कॉलेजांपासून. अशा केसेस मृत्यूंपेक्षा कितीतरी जास्त, आणि काय झालं ते बाई स्वतः सांगू शकते. पण छोट्या दवाखान्यातून कशीबशी घरी आलेली बाई या जाळ्यात सापडेलच असं नाही.

म्हणून एक करा. घरात असा प्रसंग आला तर आधी 108 लावा. नंतर गाडी कधी बोलावली, कधी आली, उपचार कधी मिळाले, या वेळा लिहून आशाताईला द्या. तिथून पुढचा रस्ता कुणासाठी तरी मोकळा होईल.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!